खडू

पांडेसऱ्यातल्या डाइंग मिलमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर कापड तपासणारे धुळ्याकडचे काका एका इंग्रजी शब्दावर दिवस काढायचे. रंग सारखा उतरला की तागा पास, आलं बरोबर पडलं की चहा पास. गावी अंथरुणाला खिळलेला भाऊ वारला, तेव्हाही "भाऊ पास झाला, सुटला," एवढंच बोलले. तागा डागी निघाला, तर शेठ समोर उभे असले तरी खडूने फुली मारायचे.

एकदा त्यांनी पास केलेल्या ताग्यावर मला डाग दिसला. मी हळूच दाखवला. ट्यूबलाइटखाली धरूनही त्यांना दिसेना. मी बोट ठेवलं, तिथे त्यांनी फुली मारली आणि खडू माझ्या हातात दिला.

"माल आता तू पास कर. माझे डोळे नापास."

कापड नापास करताना असायचा, तोच आवाज होता.