गरम इंजिन, गार हीटर

टेम्परेचरचा काटा पुन्हा लाल पट्ट्यात गेला, तसं मी इंजिन बंद केलं.

"मॅडम, सोडा आता," राजेश म्हणाला. "दोन गॅरेजवाल्यांनी इंजिन गेलं म्हणून सांगितलंय. उद्या भंगारवाला येतोय."

त्याचे वडील, कोन गावचे जनार्दनकाका, बॉनेटवर हात ठेवून उभे होते. घरची मिठागरं चालायची त्या दिवसांत त्यांच्या वडिलांनी घेतलेली ही विलायती बनावटीची गाडी.

"इंजिन गेलं नाय," ते म्हणाले. "हिचा आवाज आमाला ठावक हाय."

पनवेलमध्ये माझं गॅरेज आहे. जुन्या गाड्या मुद्दाम दुरुस्तीला घेते. मलाही काकांचं पटत होतं. ऑइल स्वच्छ होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता, म्हणजे पाणी इंजिनाच्या आत झिरपत नव्हतं. शिवाय इंजिन एवढं तापलेलं असूनही हीटर गार हवा फेकत होता. हीटरला ऊब मिळते ती इंजिनातल्या गरम पाण्याची. म्हणजे पाणी तिथे पोचतच नव्हतं. वाटेत हवा अडकली होती.

इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. पुढची चाकं रॅम्पवर चढवली, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच आलं. हवा वरच जाणार. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, सावकाश ओतलं, रबरी होज दाबत राहिले. थोडे बुडबुडे आले. ट्रायल घेतली. काटा परत लाल.



"अजून एकदा," मी म्हणाले. "काका, एवढ्यात हिचं काय बदललं?"

"थर्मोस्टॅट." त्यांनी डिकीतून जुना काढून दिला. काही टाकून द्यायची त्यांना सवयच नव्हती.

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरची झडप. गरम पाणी लागलं की उघडते. जुन्याच्या कडेला हवा सुटायला बारीक छिद्र होतं. इंजिन पुन्हा गार झाल्यावर मी नवा खोलून काढला. छिद्रच नाही! मागे हवा कोंडायची, गरम पाणी झडपेला लागायचंच नाही, मग ती उघडणार कशी?

ड्रिलने छिद्र पाडलं, सांधा गळू नये म्हणून नवं गॅस्केट घालून बसवला, पुन्हा कूलंट भरलं. या वेळी रेडिएटरच्या तोंडाशी भलामोठा बुडबुडा फुटला आणि कूलंटची पातळी भसकन खाली गेली. आणखी ओतलं. थोड्या वेळाने हीटरमधून गरम झोत आला. भर मे महिन्यात काका त्यावर हात शेकत बसले.

मी राजेशलाच स्टिअरिंगवर बसवलं. आपटा गावापर्यंत गेलो. वाटेत ट्रकांच्या रांगेत अडकलो, तरी काटा मध्यावरून हलला नाही. परतताना त्याने गाडी कडेला घेतली आणि भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. काका खिडकीबाहेर बघत राहिले.

नवा पार्ट बसवण्याआधी तो जुन्याशेजारी ठेवून बघावा. फारसा वेळ लागत नाही.