उन्हाकडची बाजू

हनुवटीवर दोन बोटं टेकवायची आणि गालावरून हळू कानापर्यंत वर न्यायची. बोलता बोलता, पेरू चिरता चिरता, गिऱ्हाईक खिशात सुट्टे शोधत असताना, हिची बोटं आपली चालूच. "वरच्या अंगाला. हळू. घाई केली की कातडी रुसती." हे बोलणं आमच्या पुणतांब्यात आता बायका एकमेकींना ऐकवतात. ते माझ्या बायकोचं आहे. कुणी आपलं म्हणून सांगायला लागलं तर मी भांडतो.

बायकोचं नाव मी लिहिणार नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेवढंच. जन्मभर 'आवं' आणि 'अगं' यावर आमचं भागलं, आता कागदावर कशाला घेऊ.

तुम्ही शिर्डीला गेला असाल तर रस्त्याच्या कडेचे पेरूचे स्टॉल बघितले असतील. बांबूवर हिरवी नेट, खाली क्रेट, पुढं फळी, फळीवर मिठाची वाटी. त्यातल्या एका स्टॉलवर ही बसायची. तुम्ही गाडी थांबवून तिच्या हातची फोड खाल्लीही असेल, कुणी सांगावं. बाग मी बघायचो, विकायचं तिनं. मला विकता येत नाही. गिऱ्हाईकानं भाव पाडला की माझ्या तोंडून शिवी जाते. ही हसायची आणि फळ फिरवून दाखवायची. "ही उन्हाकडची बाजू, पिवळी. ही सावलीकडची, अजून हिरवी. आज खायचा आसंल तर ह्यो घ्या, घरी न्यायचा आसंल तर त्यो."

दुपारी बागेतलं काम उरकलं की मी तिच्या डाव्या हाताला क्रेट पालथं घालून बसायचो. आमचं फार बोलणं व्हायचं असं नाही. ती रस्त्याकडं बघायची, मी तिच्याकडं. आता सांगायला काय हरकत आहे.

आमच्या सुनेनं घराच्या पुढच्या खोलीत पार्लर काढलं. पोरगी हुशार, हात हलका. तिनं एक मशीन आणलं. मुठीत मावेल एवढं, पुढं दोन चंदेरी गोळे. तोंडाला चिकट जेल लावायचं, मग ते गोळे गालावरून फिरवायचे. आतून बारीक करंट येतो, मुंगी चालल्यासारखा. त्यानं म्हणे ओघळलेलं तोंड सावरतं.

मी विचारलं, "हे तोंडाला हाय का गायीच्या सडाला?"

सून हसली. ही नाही हसली. म्हणाली, "तुमच्या तोंडाला न्हाईच. मशीनचा जीव केवढा, त्यानं किती वढायचं?"

सून मशीन घरी वापरायलाही द्यायची, शिकवून. कसं आणि कितीदा ते तोंडपाठ करून घ्यायची. पण आमच्या शेजारच्या वहिनीला भाच्याच्या लग्नाची घाई. तिनं मशीन नेलं आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ फिरवलं. जेल संपलं तर कोरडंच घासलं. वर दिवसभर उन्हात कांदे काढले. तोंड लालभडक होऊन सुजलं. चार दिवसांत उतरलं, पण लग्नाचे फोटो निघायचे ते निघाले. वहिनीनं गावभर केलं, "काकूंच्या सुनेनं माझं तोंड जाळलं."

झालं. पार्लरच्या दारात कुणी फिरकेना. भुवया कोरायला येणाऱ्या पोरीसुद्धा राहात्याला जायला लागल्या. सून दिवसभर आरशाला फडकं मारत बसायची. एक दिवस तिनं बाहेरचा बोर्ड उतरवून भिंतीला उलटा लावला. तिला कुणी तोंडावर वाईट बोललं असतं तर मी बघून घेतलं असतं, पण न येणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही.

हिनं तो बोर्ड बघितला. डोक्यावरची पेरूची पाटी खाली ठेवली आणि खुर्चीत जाऊन बसली.

"पोरी, माझं तोंड घे."

"आई, नको. तुमच्यावर कशाला?"

"नवीन लुगड्याचा रंग जातोय का बघायला आपण पदराचं टोक आधी धुतो का न्हाई? तसं. निम्म्याच तोंडाला लाव, निम्मं हाय तसंच ठिव. संक्रांतीला हळदीकुंकवाला साऱ्या जनी येतील. कुंकू लावताना तोंडाशी तोंड येतंच. बघतील आपल्या डोळ्यांनी."

तेव्हा गणपती नुकतेच उठले होते. सून समोर बसली, उजव्या हातात मशीन, म्हणून हिची डावी बाजू आली. एवढंच कारण. दुसरा विचार कुणीच केला नाही. सुनेनं आधीचा फोटो काढून ठेवला होता, पण तिच्या मोबाईलमध्ये माणूस आपोआप गोरं आणि गुळगुळीत निघतं. फोटोत ही आमच्या धाकट्या मेव्हणीसारखी दिसत होती. तो फोटो काय कामाचा?

पुढं ही स्वतःच शिकली. आठवड्यातून तीनदा, संध्याकाळी स्टॉल आवरून आली की आधी साबणानं तोंड धुवायचं, धूळ जाईपर्यंत. पुसायचं. मग जेल, हात आखडता न घेता. मशीन सगळ्यात बारीक करंटवर. हनुवटीपासून कानाकडं, नाकापासून कानाकडं, भुवईपासून केसाकडं. डोळ्याच्या पापणीवर नाही, गळ्याच्या घाटीवर नाही. मी म्हणायचो, "रोज फिरव की, लवकर होईल." तर म्हणायची, "पेरूला रोज पाणी देता का तुमी? मुळ्या कुजतील." सुनेनं उन्हाचं मलम दिलं होतं, ते सकाळी लावायची. आणि स्टॉलच्या बाजूला, जिकडून ऊन यायचं तिकडं, एक जुनी गोधडी टांगली.

गावानं मजा करून घेतली. चहावाला ओरडायचा, "काकू, आज कुठल्या बाजूनं बोलायचं?"

"तू न्हाई बोलला तरी चालंल. तुझ्या दोन्ही बाजू सारख्याच बिघडल्यात."

हसण्यावारी न्यायची. पण घरात आली की आधी सुनेच्या तोंडाकडं बघायची, मग आरशात. साठीच्या बाईला आरशाची हौस आली म्हणून लोक हसत होते. तिला हौस नव्हती. सुनेचं नाव तिनं स्वतःच्या तोंडावर घेतलं होतं. संक्रांतीला काही दिसलं नाही तर तो बोर्ड कायमचा उलटा राहणार, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

थंडी पडली, पेरूचा बहार आला. मी दुपारी माझ्या क्रेटवर. एक दिवस तिच्याकडं बघताना मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. काय ते कळेना. ओळखीच्या रस्त्यावरचं झाड कुणी तोडलं की कसं होतं, तसं. मग ध्यानात आलं. तिच्या डोळ्याच्या कडेला कोंबडीच्या पायासारख्या रेघा होत्या. होत्या अजून, पण उथळ झाल्या होत्या. गालाखाली लोंबायला लागलेली पिशवी वर सरकली होती. बायकोला असलं काही बोलायची आमच्यात रीत नाही. पेरू खात बसलो.

संक्रांत आली. बायका आल्या. मी बाहेर ओट्यावर, आत सगळा बांगड्यांचा आवाज. ती शेजारची वहिनीही आली होती, ती तर पहिल्या रांगेत. हिनं सगळ्यांना कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि मधोमध बसली. "बघा आता. डावीला लावलं, उजवीला न्हाई."

बायका वाकल्या. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मग वहिनी बोलली, मला ओट्यावर स्पष्ट ऐकू आलं. "काकू, दोन्ही बाजू सारख्याच तर हायेत की! फरक कुठंय?"

"व्हय गं, सारख्याच."

"मग हे इतकं रगडलं ते कशाला?"

कुणीतरी हसलं. दारातून मला सून दिसली. हातातलं तिळगुळाचं ताट तिनं खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. ही उजव्या गालावर हात, डाव्या गालावर हात, चाचपत बसली होती.

मी उठलो. हळदीकुंकवात पुरुषानं जाऊ नये, मला माहीत आहे. मी गेलो.

"सारख्याच हायेत, बरोबर," मी म्हणालो. "पन सारख्या हुत्या कधी?"

बायकांनी पदर सावरले. ही म्हणाली, "आवं, बाहेर जा की!"

"जातो. आधी ऐका. आमच्या स्टॉलचं तोंड मावळतीला हाय. थंडीचं ऊन दिवसभर दक्षिणेनं तिरकं येतं. बसणाऱ्या बाईच्या डाव्या गालावर. हिचा डावा गाल उजव्यापेक्षा लई म्हातारा हुता. ती बाजू माझी हाय. इतकी वर्षं मी तिच्या डाव्या हाताला बसलोय, मला तिथली रेघ न् रेघ पाठ हाय. जी बाजू मागं पडली हुती ती आता बरोबरीला आली, आन् तुमी म्हणता फरक कुठंय?"

मग वहिनीच म्हणाली, "नाना, तुमी नवरा. तुमी बोलणारच."

"मग मला नका इचारू. तुमच्यात त्याच रांगेला स्टॉलवर बसणाऱ्या किती जनी हायेत? एकमेकींचे डावे गाल बघा."

आधी एकीनं बघितलं. मग दुसरीनं तिची हनुवटी धरून तोंड खिडकीकडं वळवलं. "अगं बया! तुझा डावा गाल निस्ता जळालाय गं!" "आन् तुझा? वाळली आमसुलं बरी!" सगळ्या खोलीत बायका एकमेकींच्या हनुवट्या धरून तोंडं फिरवायला लागल्या. स्टॉलवरच्या प्रत्येकीची डावी बाजू काळी, सुरकुतलेली. प्रत्येकीची. आणि मधे बसलेली ही, दोन्हीकडून सारखी.

वहिनीनं हिचं तोंड पुन्हा एकदा उजेडाकडं धरलं. बराच वेळ बघितलं. मग सुनेकडं वळून म्हणाली, "जेल न लावताच घासलं गं मी. सांगितलं हुतंस तू."

एवढं बोलायला दम लागतो. मी त्या बाईला तेव्हापासून मानतो.

मग सगळ्या हिच्यामागं लागल्या, मशीननं इतकं होतं का म्हणून. दुसरी कुणी असती तर फुशारकी मारली असती. ही म्हणाली, "मशीननं केलं, मलमानं केलं का गोधडीनं केलं, मला इचारू नका. मी तिन्ही केलं, तुमीबी तिन्ही करा. सुरकुत्या गेल्या न्हाईत, मऊ पडल्या. सोडलं की परत येनार. पोटुशी आसंल तिनं हात लावायचा न्हाई, छातीत मशीन बसवलंय तिनं न्हाई. आन् लग्न पुढच्या आठवड्यात आसंल तर तोंड धुवून गप जायचं."

त्या दिवशी बोर्ड सुलटा झाला. खिळा मी ठोकला. आज त्या पार्लरला सून सोडून दोन पोरी हाताखाली आहेत, आणि स्टॉलच्या सगळ्या रांगेला दक्षिणेकडून गोधड्या टांगलेल्या दिसतात. येणारे-जाणारे म्हणतात, काय हो ही पद्धत? माझ्या बायकोची, मी सांगतो.

रात्री मात्र ही माझ्यावर चिडली होती. "चार बायकांत काय बोलायचं ते! ती बाजू माझी हाय म्हनं!" पाठ फिरवून झोपली. डाव्या कुशीवर. मग जरा वेळानं या कुशीवर वळली, डावा गाल वर करून. "बघा आता काय बघायचंय ते," म्हणाली.

गेल्या आषाढात ती गेली. ताप आला, दवाखाना झाला, आटोपलं. न्हाऊ घालायला आलेल्या बायकांत वहिनी पुढं होती. तोंड पुसताना ती वरच्या अंगाला पुसत होती, हळू.

दहाव्यानंतर पोरानं फोटो मोठा करायला दिला. आला तेव्हा मी बघितला आणि फोटोवाल्याकडं परत घेऊन गेलो. त्यानं कॉम्प्युटरवर सगळं तोंड पुसून काढलं होतं. एक रेघ नाही. सगळे असंच मागतात म्हणाला.

"ही कोण बाई?" मी विचारलं. "माझ्या बायकोनं जेवढं घालवायचं तेवढं सोता राबून घालवलं. राहिलेलं तिचं हाय. परत घाल."

मूळ फोटो त्यानं काढला, पण तो समोरून, अंधुक. तो म्हणाला, "आजोबा, यात नीट दिसत न्हाई. रेघा कुठं कुठं हुत्या?"

मी त्याच्या बाजूला स्टूल ओढलं आणि माझ्याच गालावर बोट ठेवून एकेक दाखवायला लागलो. डोळ्याच्या कडेला तीन, मधली लांब. तोंडाच्या कोपऱ्याला एक, हसताना खोल जाणारी. कानाच्या पाळीजवळ बारीक जाळी. तो माऊस फिरवत होता, मी सांगत होतो. मधेच तो थांबला. "आजोबा, तुमी सगळं डावीकडचंच सांगताय. उजवीकडं काय हुतं?"

त्या बाजूला मी कधी बसलोच नव्हतो.

मी म्हणालो, "तिकडंबी तसंच कर. दोन्ही बाजू सारख्या हुत्या."