शेवटच्या ओळीतली तीन अक्षरं

गेल्या रविवारी सकाळी अकरा वाजता, आमच्या गल्लीतल्या वाचनालयात, शेजारच्या काकूंवर अन्याय झाला. काकू घरी मशीनवर टॉवेलच्या कडा शिवतात. त्यांची कविता वाचनालयाच्या पुस्तिकेतून वगळली. परीक्षक निवृत्त मास्तर. लाल पेनानं शेरा: ‘तुझ्या’ची पुनरुक्ती. शेवटची ओळ आखूड. यमक नाही.

तुझ्यासाठी आधी घास
तुझ्या सदऱ्याचा वास
तुझ्या पावलांचा भास
ये ना दाराशी

मी भडकले. मोर्चांची पत्रकं लिहून हात बसलेला. तासाभरात निषेध लिहिला आणि काकूंच्या सहीला गेले. पण खरं सांगते, मनातून मलाही मास्तर बरोबर वाटत होते. तीन ओळी आठ-आठ अक्षरांच्या, चौथी पाचच.

“काकू, शेवटी ‘झकास’ घालू या? अक्षरं भरतील, यमकही जुळेल.”

काकू इतक्या हसल्या की मशीन थांबलं. “तुज्या पत्रकात घाल झकास! माजी वळ पुरी हाय.”

“पुरी कशी? तीन अक्षरं कमी आहेत.”

“लग्नात बायका नाव घेत्यात, ऐकलंस न्हवं? यमक जुळवत जुळवत नवऱ्याच्या नावापातूर यायचं. मी आले, आन् गप बसले. तोंडानं नाव घेत न्हाय मी त्येंचं.”

“आणि ‘तुझ्या’ तीनदा?”

“नाव न्हाय घ्यायचं, तर काय म्हनून हाक मारू?”

मग त्यांनी कविता म्हटली. ‘दाराशी’ म्हणून ओठ मिटले. मी दाराकडे बघितलं. पत्रकं वाटताना कितीदा तरी वाचलेली पाटी. काकांचं नाव. तीन अक्षरं, ‘घास’शी जुळणारं. इतकी वर्षं मी घोषणा लिहिते, ओरडते. न उच्चारलेलं नाव एवढं स्पष्ट ऐकू येतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

“काकांना दाखवली?”

“या बया! हातात कशी देऊ? लाज न्हाय वाटत? छापून आली आसती तर चिंचोळीस्नं, कामावरनं, घरी आल्यावर वाचली आसती की त्येनी. आपसूक.”

निषेधाचं पत्रक मी तिथंच फाडलं. त्याऐवजी हे लिहिलंय. पुस्तिका शनिवारी छापायला जाणार आहे. त्याआधी वाचनालयात या. मास्तरांसमोर ही कविता मोठ्यानं म्हणा, शेवटी तीन अक्षरांइतकं थांबा, आणि सांगा: आहे अशीच छापा.