बंद दारापर्यंत गेलेला पाणबुड्या

"आधी श्वास सोडा. मग बोला."

नाना हे म्हणायचे तेव्हा उजव्या हाताचा पंजा हवेत खाली दाबायचे. डावा हात खांद्याच्या वर जातच नसे. समोर रेशनच्या रांगेत भांडणारी बाई असो, नाहीतर कर्णा घेऊन बोंबलणारा मी, सगळ्यांना एकच औषध. आणि चीड आणणारी गोष्ट अशी की समोरचा खरंच श्वास सोडायचा.

भुसावळजवळच्या वीज केंद्राला जिथून नदीचं पाणी जातं, तिथल्या लोखंडी जाळ्या साफ करायचं काम नानांकडे होतं. जाळीला जलपर्णी, गाळ, कधी मेलेलं वासरू अडकायचं. नाना बुडी मारून ते काढायचे. आधी ते नौदलात पाणबुडे होते, नंतर काही वर्षं मुंबईपलीकडे समुद्रातल्या तेलविहिरींवर. इकडे केळीवाल्यांच्या विहिरीत मोटर पडली की त्यांनाच बोलावणं जायचं. काठावरचा गडी उत्साहानं अंगठा वर करून 'झकास' म्हणायचा, आणि नाना काम अर्धवट टाकून वर यायचे. पाणबुड्यांमध्ये अंगठा वर म्हणजे वर चला. शेवटी केळीवाल्यांनी गड्यांना हात खिशात घालून उभं राहायला सांगितलं.

मी तेव्हा पत्रकं काढायचो. अजूनही काढतो. त्या वर्षी आमचं आंदोलन एका जहाजासाठी होतं. एकाहत्तरच्या युद्धात शत्रूच्या पाणबुडीनं आपली एक युद्धनौका बुडवली. तिच्यावर पारोळ्याकडच्या एका गावचा खलाशी होता. त्याच्या बायकोला सगळा गाव अक्का म्हणायचा. नवरा गेला असं सरकारनं कळवलं, पण प्रेत आलं नाही, आणि प्रेत दिसलं नाही म्हणून अक्कानं कुंकू पुसलं नाही. असा माणूस बारा वर्षांत परतला नाही तर गवताचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी तिकडची रीत. बाराची पंधरा होऊन गेली तरी अक्का पुतळा करू देईना. मुलीचं लग्न ठरत आलं होतं. मुलाकडचे विचारत होते, मुलीचा बाप आहे की नाही ते एकदा सांगून टाका. अक्काचा दीर घायकुतीला आला होता. वाईट माणूस नव्हता तो. त्याला फक्त मांडव घालायचा होता.

मी अक्काच्या बाजूचा होतो. पुतळा जळला की सरकार सुटलं, असं माझं सरळ गणित होतं. ज्यांना तुम्ही समुद्रात पाठवलंत त्यांची हाडं तरी आणून द्या. यात काय चुकीचं आहे, मला आजही कळत नाही. पत्रकात मी लिहिलं, 'खानदेशातल्या विहिरींचे दोर एकमेकांना बांधले तरी ते जहाज वर येईल, मग सरकारला का जमत नाही?' लिहिण्याच्या भरात माणूस असं लिहितो.

पण गावोगाव ते वाचलं गेलं, आणि आमच्या कचेरीत दोर यायला लागले. सुंभाचे, नायलॉनचे, मोटेच्या काळातले जाडजूड नाडे. एका म्हाताऱ्यानं तर बैलगाडीत घालून साखळी आणली आणि विचारलं, ट्रॅक्टर समुद्राच्या वाळूत रुतणार नाही ना? विहिरीतून मोटर ओढतात तसं जहाज ओढायचं, एवढं त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांना काय सांगावं ते मला कळेना. मी नानांना बोलावून आणलं.

नाना हसतील असं मला वाटलं होतं. ते त्या ढिगावर बसले आणि एकेक दोर हातात घेऊन पीळ बघू लागले. कुजलेले बाजूला टाकले, जणू उद्या निघायचंच आहे. मग त्यांनी सांगितलं, इतक्या खोल साध्या हवेवर माणूस दारू प्यायल्यासारखा होतो, म्हणून बाटलीत दुसरा वायू मिसळतात. त्यानं आवाज पोपटासारखा होतो. तळाशी थोडा वेळ राहायचं, आणि वर यायला मात्र अर्धा दिवस, दोर धरून, थांबत थांबत. घाई केली तर रक्ताला सोड्याच्या बाटलीसारखा फेस येतो. त्यांचा खांदा असाच गेला होता.

"कुठे गेला?" मी विचारलं.

"त्याच जहाजापाशी," नाना म्हणाले.

तेलविहिरींच्या दिवसांत त्यांच्या बोटीवर नवा वायू तपासायचा होता. बुडालेली नौका वाटेत होती. साहेबाला कुतूहल. परवानगी नाही, कुठे नोंद नाही. नाना आणि एक जोडीदार उतरले होते. मला तर आनंदानं उडी मारावीशी वाटली. साक्षीदार सापडला होता! मी त्यांना सभेला बोलावलं. ते नाही म्हणाले. अक्का येणार आहेत, असं सांगितल्यावर मात्र बराच वेळ हातातला दोर उलगडत राहिले आणि मग हो म्हणाले.

सभा पारोळ्याच्या बाजाराच्या आवारात झाली. मी कडक भाषण केलं. नानांनी माइक घेतला, पंजा खाली दाबला, आणि सबंध सभेनं श्वास सोडला. लोक हसले. तेवढ्यात पुढच्या रांगेतून अक्का उठली. तिनं पदर सावरला आणि सरळ अहिराणीत विचारलं, "तुम्हीन मन्हा मानूसले दखं का?"

"नाही, अक्का. मी दारापर्यंत गेलो. दार बंद होतं."

"कोनी लायं?"

"आतल्यांनी. पाणी पुढे जाऊ नये म्हणून. त्यांनी दार लावलं, म्हणून पलीकडची माणसं वर आली."

अक्का एक पाऊल पुढे आली. मग म्हणाली, "ते उघडता यी का?"

मी नानांकडे बघत होतो. हो, एवढंच त्यांनी म्हणायला हवं होतं. सगळं आंदोलन त्या एका शब्दावर उभं होतं.

"येईल," नाना म्हणाले. "पण मी उघडणार नाही."

"नका उघडू," अक्का म्हणाली. ती दिराकडे वळली. "करा, तुमले काय करनं शे ते."

बोरी नदीच्या काठी पुतळा जळला. अक्कानं कुंकू पुसलं, मुलीचं लग्न झालं. आंदोलन तिथेच बसलं. आमची पोरं म्हणाली, म्हातारा सरकारचा माणूस निघाला. मला ते पटलं नाही, पण माझंही डोकं भणभणत होतं. मी नदीवर गेलो. नाना जाळीपाशी काम करत होते. त्यांना वर बोलावून मी विचारलं, ते दार खरं होतं का?

त्या दिवशी त्यांनी पंजा दाबला नाही. चेहऱ्यावरची काच काढली आणि पाण्यात पाय सोडून बसले.

"वायूचं प्रमाण चुकलं होतं," ते म्हणाले. "डोकं ठिकाणावर नव्हतं. जोडीदार म्हणायचा, आपण जहाजापर्यंत पोचलोच नाही, खडकाला हात लावून आलो. मी दार पाहिलं. दार होतं का, ते मला विचारू नका."

"मग अक्काला का सांगितलंत?"

"मी काय पाहिलं, असं तिनं विचारलं. मी जे पाहिलं ते सांगितलं."

आता तुम्हीच सांगा, याला काय म्हणायचं? थापा मारणाऱ्या मंत्र्यावर मी चहा पिता पिता पत्रक लिहितो. नानांवर लिहायला बसलो तर मथळाच सुचेना. खोटं म्हणावं तर खांदा खरा होता. खरं म्हणावं तर ते स्वतःच म्हणत नव्हते. अक्काची सुटका केली म्हणावं, तर तिला फसवलं असं का म्हणू नये? आणि माझा सरकारला विचारलेला प्रश्न तर तसाच आहे. त्या नौकेत आमची माणसं कुठे, कशी गेली, हे गावात येऊन कुणीच कसं सांगितलं नाही? ते सांगायला जाळ्या साफ करणारा एक माणूस लागावा?

नाना गेल्या हिवाळ्यात तापानं गेले. मूलबाळ नव्हतं, पुतण्याच सगळं बघत होता. तिरडी बांधून झाली, लोकांनी खांद्यावर घेतली, आणि गल्लीच्या तोंडाशी अक्का उभी. पारोळ्याहून बसनं आली होती, चपला धुळीनं पांढऱ्या झालेल्या. वाट अडवून म्हणाली, खाली ठेवा. पुतण्या वैतागला. एकदा उचलल्यावर खाली ठेवत नाहीत, असं दोघातिघांनी सांगितलं. बायामाणसांनी पुढे येऊ नये, हेही कुणीतरी म्हणालं. अक्का हललीच नाही. ठेवावी लागली.

ती रस्त्यातच बसली. तोंडावरचं कापड तिनं बाजूला केलं आणि बघत राहिली. कपाळ, मिटलेले डोळे, हनुवटीवरचे पांढरे खुंट. रडली नाही. सगळे ताटकळत उभे होते. एका सायकलवाल्यानं घंटी वाजवली आणि गप्प झाला. मग तिनं कापड पुन्हा नीट ओढलं, दोन्ही बाजूंनी खोचलं, आणि उठून बाजूला झाली.

"आते लई जा," ती म्हणाली.