लोटन मिस्तरींची फुली

लोटन मिस्तरींच्या सदऱ्याच्या खिशात विडी-काडी नसे, खडू असे. जळगावच्या आमच्या ट्रान्सपोर्टमध्ये लांबच्या खेपेहून आलेल्या प्रत्येक ट्रकखाली ते आधी स्वतः सरपटत जात. जरा काही खटकलं की ड्रायव्हरच्या दारावर पांढरी फुली ओढत. फुली असलेली गाडी हलायची नाही, आणि ती पुसायचा हक्क फक्त त्यांचा. माझे वडील नाना मालक होते, पण फुलीला त्यांनीही कधी हात लावला नाही.

मी पुण्याहून कॉमर्स शिकून आलो तो कानात वारं शिरल्यासारखाच. पाच ट्रकांचे दहा करायचे आणि एकही उभा ठेवायचा नाही, हे माझं स्वप्न. मिस्तरी मूळचे भडगावचे, बोलणं अहिराणी. रागावले तरी आवाज चढत नसे. म्हणायचे, "भाऊ, गाडी जास म्हनीसन कंपनी नही चालस. गाडी घर येस म्हनीसन चालस." मी त्याला 'मिस्तरींचं कीर्तन' असं नाव ठेवलं होतं आणि ते त्यांच्या तोंडावरही म्हणायचो.

एकदा सुरतला कापसाच्या गाठी न्यायच्या होत्या. ट्रक भरून उभा, आणि दारावर फुली. ब्रेकचं सामान यायचं होतं; मिस्तरी पाचोऱ्याला लग्नाला गेले होते. इकडे नव्या व्यापाऱ्याला मी शब्द देऊन बसलो होतो. सकाळी शेडमध्ये कोणी नाही असं बघून मी रुमाल काढला आणि फुली पुसली. थोड्या वेळाने ड्रायव्हर सुकलाल आला. त्याने दाराकडे पाहिलं, तरीही विचारलं, "मिस्तरीनी दखी का गाडी?"

"बघून गेले," मी म्हणालो.

कोंडाईबारी घाटाच्या उतारावर ब्रेक लागले नाहीत. सुकलालने ट्रक डोंगराच्या अंगाला घातला म्हणून जीव वाचला. उजवा पाय मात्र गुडघ्यापासून गेला. धुळ्याच्या दवाखान्यात नाना सगळ्यांदेखत म्हणाले, "लोटन, फुली मारायची कशी विसरलास?" मी रुमालाने घाम पुसत होतो. रुमालाला खडू होता, आणि मिस्तरींनी तो पाहिला. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. उघडलंही. म्हणालो, "राहून गेलं असेल मिस्तरींकडून."

मिस्तरींनी रुमालावरून नजर काढली. मग हळूच म्हणाले, "मनी चूक व्हयनी, नाना." माझी चूक त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली.

ते पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. धुळ्यालाच पारोळा रोडला त्यांनी लहानसं गॅरेज टाकलं आणि सुकलाल बरा झाल्यावर त्याला कामाला घेतलं.

त्यानंतर मी शहाणा झालो. खडू मीच हातात घेतला. कंपनी टिकली, सावकाश वाढली. पुढे वाहतूकदारांच्या मेळाव्यात 'धंदा टिकवावा कसा' यावर मला बोलायला लावलं. "गाडी जाते म्हणून कंपनी चालत नाही, घरी येते म्हणून चालते," असं मी ठासून सांगितलं. टाळ्या पडल्या. मिस्तरींचं नाव मी घेतलं नाही. हे लिहिताना आजही माझे कान तापतात.

एकदा धीर करून गॅरेजवर गेलो, सुकलालसमोरच सगळं सांगून टाकायचं ठरवून. तो स्टुलावर बसून पाने-पकडी पुसत होता. मिस्तरींनी चहा मागवला आणि एवढंच विचारलं, "गाड्या बठ्ठ्या घर येतस ना, भाऊ?"

"येतात सगळ्या," म्हणालो, चहा संपवला आणि निघून आलो.

मिस्तरी वारले तेव्हा दहाव्याला गेलो. सुकलालला बाजूला घेतलं आणि रुमालापासून सगळं सांगितलं. वाटलं, हा आता कुबडी उगारेल. उगारली असती तर बरं झालं असतं. त्याने ती फक्त काखेत नीट घेतली.

"दहा वरीस मी त्यासनं खादं," तो म्हणाला, "अनि मनमा त्यासलेच शिव्या दिध्यात. आते माफी कोनले मांगू, भाऊ?"