अठ्ठावीस फाइली, एक अमीबा

सकाळचा चहा येण्याआधी काका वर्तमानपत्राच्या समासात पेन्सिलीने एक रेष ओढायचे. पट्टी न घेता, वरून खालपर्यंत, एका दमात. मग कागद हातभर लांब धरून, एक डोळा मिटून तिच्याकडे पाहायचे आणि म्हणायचे, ‘‘आज बी सरळ.’’ त्यानंतरच बातम्या. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, असतो एकेकाला चाळा. तुमच्याही ओळखीत एखादा असेलच, जो कुलूप लावल्यावर ते तीनदा ओढून पाहतो. ही रेष तसली नव्हती, हे कळायला मला दुसरं वर्ष उजाडलं.

मी छत्तीसगडात भिलाईच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला बायो शिकवते. आधी पेशी, मग आनुवंशिकता, शेवटी पर्यावरण. शिकवायला मला आवडतं, प्रॅक्टिकलच्या फाइली तपासणं मात्र जिवावर येतं, कारण मी तापट आहे आणि फाइली सर्रास खोटं बोलतात. त्या वर्षी तीस मुलांच्या वर्गातून अठ्ठावीस फाइली आल्या होत्या. चौथीपाशी मला शंका आली, दहावीपाशी खात्री पटली. अमीबाला ठरलेला आकार नसतो, हे आम्ही पहिल्याच तासाला सांगतो. तो सरकतो तसा बदलतो. माझ्या वर्गातल्या अमीबाला मात्र पक्का आकार होता. दोन पाय डावीकडे, एक वर, चौकात हात दाखवणाऱ्या ट्रॅफिक पोलिसासारखा. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस फाइलींत तोच पोलीस उभा होता, आणि आकृती इतकी देखणी की छापल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं. सगळे बाकाकडे पाहू लागले. शेवटी कॅम्प-वन वस्तीतली एक मुलगी उठली.

‘‘मैडम, ड्रॉइंगवाले अंकल बनाते हैं. सबका वही बनाते हैं.’’

‘‘और तुम लोगों ने स्लाइड देखी?’’

‘‘देखी थी मैडम. अंकल का ज़्यादा अच्छा आता है.’’

त्या रविवारी सकाळी मुलांकडून पत्ता घेऊन मी भांडायच्या तयारीने कोहका वस्तीत गेले. दार उघडणाऱ्या बाईंनी ‘‘कोण पाह्यजे?’’ म्हटलं आणि माझा अर्धा राग तिथेच ओसरला. या गावात अनोळखी दारात मराठी ऐकू आली की माझं असंच होतं. आत खिडकीशी मोठा तिरपा बोर्ड, त्यावर ट्रेसिंग पेपर, आणि शेजारी पायजमा-बनियन घातलेले काका वर्तमानपत्र हातभर लांब धरून बसलेले. आयुष्यभर पोलादाच्या प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. मोठाल्या यंत्रांचे भाग कागदावर उतरवण्यात हयात गेली. निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहवेनात, तेव्हा शेजारच्या पोरीची फाइल काढून दिली. तिथून सगळ्या वर्गाची वाट या घराकडे लागली.

मी उभ्याउभ्याच बोलले, ‘‘काका, तुमच्यामुळे माझी मुलं मायक्रोस्कोपला डोळा लावत नाहीत.’’

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कुठल्याशा मुलाचं पुस्तक उघडलं, पेशीच्या आकृतीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘‘मॅडम, हे सांगा मले. हा सेक्शन कुठून घेतला?’’

‘‘सेक्शन म्हणजे?’’ मी विचारलं.

‘‘म्हणजे हे अख्खी पेशी हाय का काटलेली? अख्खी असन तं आतलं कसं दिसून राहिलं? काटली असन तं कुठून काटली, हे लिहिलं कावून नाही? आमच्या ऑफिसात असं ड्रॉइंग नेलं असतं तं साहेबानं तोंडावर फेकलं असतं.’’

बारा वर्षं मी ती आकृती फळ्यावर काढत होते. ती एक काप आहे, खरी पेशी चहूबाजूंनी भरीव आहे, हे मला माहीत होतं. पण एकाही वर्गाला मी ते धड सांगितलं नव्हतं आणि एकाही मुलाने विचारलं नव्हतं. मी खुर्चीवर बसले. काकूंनी चहा आणला. चहा संपेपर्यंत आमचा करार झाला होता. त्यांनी फाइली काढणं बंद करायचं, आणि मी त्यांना शनिवारी लॅबमध्ये बोलावून खरी पेशी दाखवायची.

प्राचार्यांनी हरकत घेतली नाही. शनिवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला तीन पेन्सिली लावून आले. मी मायक्रोस्कोपखाली कांद्याचा पापुद्रा लावून दिला. त्यांनी डोळा लावला.

‘‘काय दिसतंय काका?’’

‘‘विटांची भिंत हाय. पण कोणालेच नावाची पाटी नाही लावली.’’ मुलं हसली. मग त्यांचा हात मायक्रोस्कोपच्या बारीक चाकावर गेला. कुणी न शिकवता त्यांनी ते केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवलं आणि एकदम मान वर केली. ‘‘मॅडम, सेक्शन तं आपणच घेऊन राहिलो ना. चाक फिरवलं का दुसरी पातळी येते. वरची भिंत जाते, मधातला गोळा येते.’’

हे मी मुलांना कधी ना कधी सांगितलं असेलच. पण त्या दिवशी सगळ्यांनी उठून आपापलं चाक फिरवलं.

तेव्हापासून ते दर शनिवारी यायला लागले. करार त्यांनी पाळला, कुणाच्या फाइलीला पेन्सिल लावली नाही. शेजारी बसून फक्त म्हणायचे, ‘‘पहिले पाह्य. पाहून झालं का आणखी पाह्य. मग पेन्सिल उचल.’’ एका मुलाने पुस्तकातून मायटोकाँड्रिया उतरवला, तर त्याला अर्धा तास पिडलं, की हे शेंगदाण्यासारखं कापल्यावर असं दिसतं, तर कापायच्या आधी कसं दिसत असेल, काढून दाखव. मुलाने घरून शेंगदाणे आणले. पोट्ट्यांना काका आवडायचे. मला कधीकधी त्यांचा हेवा वाटायचा, हेही सांगून टाकते.

फक्त एकदा ते हरले. पर्यावरणाच्या धड्यासाठी आम्ही तलावातलं पाणी आणि तळाचा कुजका पाला आणत असू. तीन शनिवार शोधून एका थेंबात जिवंत अमीबा सापडला. काकांनी पाहिलं. तो अगदी हळू एक पाय पुढे काढत होता आणि मागचं अंग त्यात ओतत होता. काकांनी कागद घेतला, पेन्सिल टेकवली, पुन्हा डोळा लावला, पुन्हा कागदाकडे आले. असं चार-पाच वेळा झालं. शेवटी पेन्सिल खिशाला लावून टाकली.

‘‘नाही जमत. काढतो तोवर बदलून जाते. माह्या हात थांबलेल्या वस्तूचा हाय मॅडम. याले दुसरा हात पाह्यजे.’’

अठ्ठावीस पोलिसांची आठवण काढून मी त्यांना चिडवलं. तेही हसले, पण मनातून खट्टू झालेले दिसले.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. आनुवंशिकतेच्या धड्यात वंशावळीचा तक्ता असतो. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आणि ज्याच्यात तो गुण उतरला त्याचा चौकोन किंवा गोल भरून टाकायचा. एक मुलगी तो काढत होती. काकांनी विचारलं, ‘‘हा काळा कावून?’’ मी सांगितलं. त्यांनी तो तक्ता आपल्या कागदावर उतरवून घेतला. पुढच्या शनिवारी मुलं गेल्यावर मागे थांबले आणि खिशातून घडी केलेला ट्रेसिंग पेपर काढून माझ्यासमोर पसरला.

‘‘हा माह्या आजा. हा बाबा.’’ दोन्ही चौकोन तिरप्या बारीक रेषांनी भरलेले होते. ‘‘काळा नाही केला. काटलेली जागा आमी अशीच भरतो.’’ खाली त्यांचा स्वतःचा चौकोन होता, रिकामा. त्याखाली एक रिकामा गोल, अमरावतीला दिलेल्या त्यांच्या मुलीचा.

काकांचे वडील आर्वीकडे शिवणकाम करत. पन्नाशीनंतर त्यांचे हात थरथरायला लागले. ‘‘माय रोज सकाळी वीस सुया ओवून कॅलेंडरले टोचून ठेवे. वीस सुया संपल्या का बाबाचं दुकान बंद.’’ आजोबांचंही तसंच, पाण्याचा गडवा दोन हातांनी धरायचे. काकांनी हे सगळं एखाद्या यंत्राची माहिती द्यावी तसं सांगितलं.

‘‘मले किती चान्स हाय?’’

मी वर्गात सांगते तसं सांगितलं. असा कंप पुष्कळ घराण्यांत पिढीजात उतरतो, आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो, म्हणून मुलाला निम्मी शक्यता. बोलून झाल्यावर माझं मलाच कसंतरी झालं. फळ्यावर पन्नास टक्के लिहिताना समोर कुणी सदुसष्ट वर्षांचा माणूस हात गुडघ्यावर ठेवून बसलेला नसतो.

‘‘म्हणजे नाणं उडवून झालं हाय,’’ ते म्हणाले. ‘‘मी मायच्या पोटात होतो तवाच. फक्त मूठ उघडाची बाकी हाय.’’

तेव्हा मला सकाळची रेष कळली. ज्याचं सगळं आयुष्य हातातल्या रेषेवर उभं होतं, तो माणूस रोज चहाच्या आधी ती मूठ किंचित उघडून पाहत होता.

‘‘पोरीले सांगू का नको?’’

‘‘याचं उत्तर पुस्तकात नाही काका.’’

‘‘म्हणून तं तुमाले विचारून राहिलो.’’

‘‘तिच्या जागी मी असते, तर मला सांगितलेलं आवडलं असतं.’’

त्यांनी कागदाची पहिल्यासारखीच घडी केली आणि गेले.

त्यानंतर वर्षभर सगळं नीट चाललं. मग एका शनिवारी ते आले नाहीत. दुसऱ्याही नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मी कोहक्याला गेले. टेबलावर त्या दिवशीचं वर्तमानपत्र होतं. समासातली रेष वरून निघून दोन बोटं सरळ आली होती आणि पुढे खालपर्यंत तिला बारीक लहरी पडल्या होत्या. काकूंनी मला भरून चहा दिला आणि त्यांना अर्धा ग्लास.

‘‘आता आमच्या घरी हाफ मिळते, हाटेलसारखा,’’ काका म्हणाले. ग्लास त्यांनी दोन हातांनी धरला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्या गोळ्यांनी जेवणाचा घास नीट तोंडात जात होता, पण रेष काही परत आली नव्हती.

मग त्यांनी वंशावळीचा तो ट्रेसिंग पेपर मागवला. माझ्यासमोर, एकेक करून, आपल्या चौकोनात तिरप्या रेषा भरल्या. वेळ लागला. रेषा चौकोनाबाहेर जात होत्या, एकमेकींना धडकत होत्या.  काकू आत निघून गेल्या.

‘‘पोरीले फोन केला होता,’’ भरून झाल्यावर ते म्हणाले. ‘‘म्हटलं, बाई, असं असं हाय, तुह्या बी नशिबात असू शकते. ती म्हणे, बाबा, तुमी सकाळी रेष कावून ओढता, हे मले दहावीपासून माहीत हाय.’’ ते हसले, आणि हसताहसता त्यांचे डोळे भरले. ‘‘मी लपवून राहिलो होतो, अन् पोट्टी मलेच सांभाळून राहिली होती.’’

मला तिथे बसवेना आणि उठवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, ‘‘काका, माझं एक काम राहिलंय तुमच्याकडे. लॅबमध्ये लावायला अमीबा काढून द्या.’’

‘‘रेष गेली मॅडम. पाह्यलं ना आता.’’

‘‘अमीबाला कुठे सरळ रेष असते?’’

 त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, कोरा कागद ओढला आणि टोक टेकवलं. हात थरथरत होता. त्यांनी तो दाबून धरला नाही, जाऊ दिला. कड कुठे आत गेली, कुठे फुगली, एक पाय निघाला तो मध्येच अडखळून दुसरीकडे वळला. काढून झाल्यावर त्यांनी कागद हातभर लांब धरला आणि एक डोळा मिटून पाहिलं. कागदही हलत होता.

‘‘मॅडम,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘हा चालून राहिला.’’

त्यानंतर दोन महिन्यांनी मुलगी येऊन दोघांना अमरावतीला घेऊन गेली. घर बंद झालं. पुढच्या वर्षी काकूंचा फोन आला, काका झोपेतच गेले म्हणून. हात शेवटपर्यंत थरथरत होते, पण वर्तमानपत्राच्या समासात ते रोज काही ना काही काढायचे, कधी पान, कधी चिमणी, असं काकूंनी सांगितलं. सरळ रेष पुन्हा ओढली नाही.

तो अमीबा लॅबमध्ये माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. मुलं आता स्लाइड पाहूनच आकृती काढतात, मी डोळ्यांत तेल घालून उभी असते. दरवर्षी फाइली येतात आणि प्रत्येकीत वेगळा अमीबा असतो, कुठे बटाटा, कुठे फाटका मोजा. मी सगळ्यांना मार्क देते. आणि खरं सांगू, फाइली तपासताना अजूनही माझी नजर तो दोन पाय डावीकडे आणि एक वर केलेला पोलीस शोधत असते. एखाद्या फाइलीत तो निघाला, तर मी त्या मुलाला रागावणार नाही. पण तो निघत नाही.