पुढं ढकल

भोकरदनला माझ्या शेडमध्ये एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार होती. इंजिनाचं हेड घासून मी तिचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, वाढवलं आणि तेव्हापासून ते इंजिन पिसाळलं. पेट्रोल पेटवणारी ठिणगी वेळेआधी पडायची, आतून कुणी घण घातल्यासारखा ठोका यायचा. बॅटरी उतरलेली, म्हणून सुरू करायला मी पुढून लोखंडी हँडल धरलं. ठिणगी कधी पडायची ते डिस्ट्रिब्युटर फिरवून ठरतं; त्यावर हात ठेवून मेव्हणा बॉनेटखाली उभा होता.

"ठिणगी जरा पुढं ढकल," मी म्हणालो. लग्न पुढं ढकलतात, परीक्षा पुढं ढकलतात, तशी. म्हणजे उशिरा पडू दे. त्यानं डिस्ट्रिब्युटर नेमका उलटा फिरवला, ठिणगी आणखीच लवकर पडेल असा.

मी हँडल मारलं. इंजिनानं ते माझ्यावरच उलटं हाणलं. मनगट कडकन मोडल्याचं आधी ऐकू आलं, कळ मागून आली. डाव्या हातानं मी पाना भिरकावला. तो त्याच्या कानाजवळून गेला आणि गाडीची काच फोडून आत पडला.

"साल्या, जीव घेतो का माझा?"

"दाजी, तुमीच म्हन्ले ना पुढं ढकल! रांगेत एखाद्याला पुढं ढकललं, तर त्याचा नंबर आधीच लागंल ना?"

मी डाव्या हातानं त्याची कॉलर धरली.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टर एक्स-रे बघत म्हणाले, "सूज फार आहे. ऑपरेशन थोडं पुढं ढकलू."

मी डाव्या हातानं टेबलावर बुक्की हाणली.

"आधी का नंतर, ते नीट बोला!"